चाकाखालून खाटेखाली

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर चुलीत घालायचं लाकूड समजाल. मी बाभळीचा एक जुना ठोकळा आहे. माझी एक बाजू उभी आहे, एक उतरती. एका कोपऱ्याची ढलपी उडालेली आहे आणि उतरत्या बाजूवर टायरच्या नक्षीचा काळा ठसा आहे. तो ठसा कसा उमटला, आणि मी आज एका खाटेच्या पायाखाली का उभा आहे, ते तुम्हाला सांगतो. गोष्ट गोड नाही. पण तुम्ही मोठे होणार, गाड्यांत बसणार, कुणी गाड्या चालवणार, कुणी गाड्या घेणार. तेव्हा आधीच ऐकून ठेवलेली बरी.

माझा जन्म डोंगरकडा गावचा. शेताच्या बांधावरची एक बाभूळ वादळात पडली. सुतारानं तिच्यातून बैलगाडीचं सामान काढलं आणि उरलेला बुंधा अंगणात टाकून दिला. त्याच सुमारास गावच्या किशनरावांनी एक जुनी जीप घेतली होती. डोंगरकडा ते हिंगोली अशी ती काळी-पिवळी जीप माणसं वाहायची. तिला सगळं होतं, फक्त हातब्रेक नावापुरता होता. उतारावर उभी केली की ती हळूच निघून जायची. म्हणून किशनराव सुताराकडे आले.

सुतारानं मला तासलं, त्यांच्या हाती दिलं आणि म्हणाला, "बाभूळ हाय, किशनराव. चाक झिजंल, हा न्हाई झिजायचा."

किशनरावांनी मला जमिनीवर ठेवलं आणि माझ्यावर पाय दिला. एकदा, दोनदा, तीनदा दाबून पाहिलं. मी हललो नाही. तेव्हा कुठं ते हसले.

जीपमध्ये माणसं किती बसायची ते विचारू नका. पुढं, मागं, आणि मागच्या उघड्या फळीवर पाय सोडूनसुद्धा. त्या जीपचा एक नियम होता. फळीवर जो शेवटी बसेल, त्यानं गाडी थांबली की उतरायचं आणि मला चाकाखाली लावायचं. निघताना मला काढायचं आणि पळत येऊन पुन्हा बसायचं. मग तो कुणी का असेना. एकदा मुलीकडे निघालेले एक पागोटेवाले पाटीलसुद्धा या नियमातून सुटले नव्हते.

पण बहुतेक वेळा ती जागा जळबाची असे. जळबा शेळ्यांचा सौदा करायचा आणि बाजाराच्या दिवशी हिंगोलीला जायचा. आत जागा असली तरी तो फळीवरच बसायचा.

"आत बस की, जळबा," किशनराव म्हणायचे.

"आत तुमच्या पाव्हण्यांच्या घामाचा वास येऊन राहिला. इथं वारा हाय, बिडी हाय, अन् हा माझा दोस्त हाय." असं म्हणून तो मला थोपटायचा.

ती माझी चांगली वर्षं होती. मी चाकाखाली गेलो की जीप माझ्यावर विसंबून निवांत उभी राहायची. लोक चहा प्यायचे, लेकरं चाकाजवळ खेळायची, कुणाला भीती वाटत नसे.

एका बाजाराच्या दिवशी जीप भरून हिंगोलीला निघाली होती. वाटेत ओढ्याच्या पुलाकडं एक लांब उतार आहे. खाली पुलावर बैलगाड्यांची रांग लागली होती. किशनरावांनी ब्रेक दाबला. पेडल त्यांच्या पायाखाली थरथरलं आणि मग एकदम खाली जाऊन बसलं. जीप थांबेना. त्यांनी पाय उचलला, पुन्हा दाबला. काही नाही. पुन्हा उचलला, पुन्हा दाबला. तिसऱ्या वेळेला ब्रेकनं थोडं धरलं, तेवढ्यात त्यांनी गियर खाली आणला. जीप मंदावली, पण थांबली नाही.

जळबानं मला छातीशी धरून उडी मारली. तो जीपच्या बाजूनं धावला आणि वाकून त्यानं मला मागच्या चाकापुढं रेटलं. चाक माझ्यावर चढलं. माझी ढलपी उडाली, मी मुरमात खरवडत गेलो, आणि जीप वाकडी होऊन थांबली. शेवटची बैलगाडी तिथून हातभर होती. तिच्यात दोन लेकरं झोपलेली होती.

जीप वाकडी होताना चाक माझ्यावरून घसरलं आणि जळबाच्या पायावर बसलं. नांदेडच्या दवाखान्यात तो पाय घोट्यापासून काढावा लागला.

दवाखान्यात किशनराव खाटेशेजारी खाली बसून रडले. जळबा म्हणाला, "काहून रडता? बूट आता एकच घ्यावा लागंल. फायदाच हाय."

त्या दिवशी किशनराव जे बोलले ते मी त्यांच्या हातातल्या पिशवीतून ऐकलं. "जळबा, माझ्या ब्रेकापायी पुन्हा कुणाचं काही जायचं न्हाई. मी असेपर्यंत न्हाई."

मित्रांनो, हा शब्द ध्यानात ठेवा. पुढच्या साऱ्या गोष्टीत त्या माणसानं दुसरं काही मागितलं नाही.

त्या दिवसापासून जीप सुरू करण्याआधी किशनराव ब्रेक तीनदा दाबून पाहू लागले. हिंगोलीच्या स्टँडवर ते नव्या ड्रायव्हर पोरांना गोळा करून शिकवायचे. "पेडल पायाखाली थरथरलं का समजायचं, ब्रेक मरून राहिला. दाबून बसाल तर गेलात. पाय उचलायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा उचलायचा. तिसऱ्याला धरतो तो." पोरं मान डोलवायची. त्यांच्या गाड्याही तशाच जुन्या होत्या, आणि त्या गाड्यांपुरतं ते खरंच होतं. त्या शिकवणीनं कुणाकुणाचे जीवही वाचले असतील.

माझीही कीर्ती झाली. लोक मला हातात घेऊन टायरचा ठसा बघायचे. "याला पेन्शन लावा," असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे.

पुढं हिंगोलीचा जिल्हा झाला. रस्त्यावर नव्या गाड्या आल्या. जुनी जीप भंगारात गेली आणि मी किशनरावांच्या घरी आलो. तिथं माझी कीर्ती कुणाला ठाऊक नव्हती. त्यांच्या घरच्या पंचफुलाबाई माझ्यावर बसून भाकरी थापायच्या. लेक दीक्षा माझ्यावर उभी राहून फळीवरचा डबा काढायची. मी आठ-नऊ वर्षं त्या घरात होतो. मला वाटलं, आयुष्य असंच धुरात आणि पिठात सरेल. तसं सरलं असतं तर बरं झालं असतं.

हिंगोलीचे व्यंकटराव हळदीचे व्यापारी. त्यांनी नवी कोरी पांढरी गाडी घ्यायचं ठरवलं आणि ड्रायव्हर म्हणून किशनरावांना ठेवलं. इतक्या वर्षांत अंगावर एकच अपघात, तोही माणसं वाचवून. त्यांच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा नव्हता. गाडी आणायला निघताना किशनरावांनी पंचफुलाबाईंना माझ्यावरून उठवून मला पिशवीत घातलं.

"अवो, नव्या गाडीला लाकूड कशाला?" त्या म्हणाल्या. "अन् मी बसू कशावर?"

"पाटावर बस. गाडी नवी असली तरी उतार जुनाच हाय."

नांदेडच्या त्या मोठ्या काचेच्या दुकानात गाडी झेंडूच्या माळा घालून उभी होती. किशनरावांनी पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि गाडीजवळ उभे राहिले. तिथला टाय लावलेला मुलगा नम्रपणे म्हणाला, "ड्रायव्हर बाहेर थांबतील का प्लीज? सरांना गाडी समजावून देतो."

किशनराव काचेच्या दाराबाहेर गेले. व्यंकटराव स्टेअरिंगवर बसले. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, पण फोटो तिथंच काढायचा असतो. आत पिशवीत मी होतो. मुलगा सगळं नीट सांगत होता, त्याची चूक काही नाही.

"सर, यात ब्रेकचं आपोआप चालणारं यंत्र आहे. रस्ता घसरडा असेल आणि जोरात ब्रेक दाबला तर पेडल पायाखाली थरथरेल. घाबरायचं नाही. ते बिघडलेलं नसतं, काम करत असतं. पाय उचलायचा नाही. दाबूनच धरायचा आणि गाडी वळवायची. पाय उचललात तर यंत्रही सोडून देतं."

"हां, हां," व्यंकटराव म्हणाले. "टेप कुठून चालू व्हतो ते सांगा."

काचेपलीकडं किशनराव उन्हात उभे होते. ते आतल्या मालकांकडं बघून हसले. मित्रांनो, त्यांच्या पायाला जे कळायला हवं होतं, ते एका लाकडाच्या कानावर पडलं, आणि लाकडाला तोंड नसतं.

गाडी आली. पहिल्याच आठवड्यात किशनराव ती जळबाला दाखवायला घेऊन गेले. जळबानं आता शेळ्यांचा धंदा सोडला होता. रस्त्याला लागून त्याचं थोडं शेत होतं, तिथंच तो आणि त्याची बायको मिराबाई राहायचे. तो कुबडी टेकत आला आणि गाडीभोवती फिरला.

"ठोकळा कुठं हाय?"

"डिक्कीत."

"मालक हसले असतील."

"हसू दे."

"किशनराव, एक सांगून ठेवतो," जळबा डोळे मिचकावत म्हणाला. "या बारीला उडी मारायला दुसरा कोणी बघा. माझा एकच पाय उरला हाय, तो मी देणार न्हाई."

मिराबाई पदर तोंडाला लावून हसली. किशनराव हसले नाहीत.

पावसाळ्यात एकदा कळमनुरीजवळच्या वळणावर खडी सांडली होती. किशनरावांनी ब्रेक दाबला आणि पेडल पायाखाली थरथरलं. त्यांनी चटकन पाय उचलला, पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. गाडी खडीवरून सरकत रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही. पण त्यांचा शर्ट घामानं भिजला.

"मालक, ब्रेकात काहीतरी हाय," ते म्हणाले. "पेडल थरथरून राहिलं. माझ्या जीपचंही मरताना असंच थरथरलं व्हतं."

"नवी गाडी हाय, किशन. तुझं मन जुनं झालं."

"एकदा दुकानात नेऊन दाखवू. त्या पोराला विचारू."

"नांदेडला जायचं, अर्धा दिवस घालवायचा, का तर ड्रायव्हरला भ्या वाटतं?" व्यंकटराव म्हणाले. "अरे, सगळं आपोआप हाय त्यात."

"मग मी काहून हाय?" किशनराव हळूच म्हणाले. व्यंकटरावांनी टेप मोठा केला.

त्या दिवसापासून किशनरावांचा त्या यंत्रावरचा विश्वास उडाला. ते रोज सकाळी पेडल तीनदा दाबायचे आणि मनाशी म्हणायचे, हे फसवून राहिलं, याच्यावर विसंबायचं नाही. गाडी ते हळू चालवायचे. मालक त्यावरूनही टोमणे मारायचे. "बैलगाडीच घेतली असती की मी."

दसरा झाला आणि सोयाबीन निघालं. आमच्याकडं काही लोक सोयाबीन डांबरी रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं वरून जातात आणि मळणी होते. करू नये असं सगळेच सांगतात आणि करतातही सगळेच. त्या दुपारी जळबानं आपल्या शेतापुढं अर्धा रस्ता सोयाबीननं भरला होता. उभं राहून पाय दुखतो म्हणून तो पोत्यावर बसून काठीनं शेंगा खालीवर करत होता. कुबडी बाजूला पडली होती.

आमची गाडी वळणावरून आली. मागं व्यंकटराव झोपले होते. किशनरावांनी जळबाला लांबूनच ओळखलं. त्यांनी हॉर्न दिला आणि ब्रेक दाबला. वाळलेल्या शेंगांवरून चाकं घसरली आणि ते यंत्र आपल्या कामाला लागलं. पेडल थरथरलं.

किशनरावांनी पाय उचलला.

त्यांच्या पायाला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. पुन्हा दाबला, थरथरलं, पुन्हा उचलला. डिक्कीत पिशवीतल्या पिशवीत मी इकडून तिकडं आदळत होतो आणि मला त्या मुलाचं एकेक वाक्य आठवत होतं. दाबूनच धरायचा, पाय उचलायचा नाही. उरलेला अर्धा रस्ता मोकळा होता. दाबून धरून गाडी वळवली असती तर ती वळली असती. जळबानं कुबडीकडं हात नेला. दोन पायांचा माणूस उठून बाजूला झाला असता.

तिसऱ्या दाबाला गाडी थांबली, पण जळबाला धडकून, त्याला मागं टाकून थांबली.

तो मेला नाही. त्याची उरलेल्या पायाची मांडी आणि कंबर मोडली. मिराबाई शेतातून धावत आली. किशनराव त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि एकच बोलत होते, "ब्रेक गेला रे, जळबा. ब्रेक गेला." जळबा त्यांचा हात धरून होता. त्या दिवशी त्याला विनोद सुचला नाही.

सगळीकडं तेच झालं, नव्या गाडीचा ब्रेक गेला. स्टँडवरचे ड्रायव्हर मेस्त्रीला सांगू लागले, असलं यंत्र आमच्या गाडीत असेल तर त्याची वायर तोडून टाका. किशनरावांचं उदाहरण देऊन सांगू लागले.

मग नांदेडहून तोच टाय लावलेला मुलगा आला. त्यानं गाडी तपासली. म्हणाला, ब्रेक चांगले आहेत. कुणी मानेना. तेव्हा त्यानं त्याच रस्त्यावर, त्याच शेंगांवर, सगळ्यांसमोर गाडी जोरात आणली आणि ब्रेक दाबून धरला. गाडी घरघरली, थोडी वळली आणि जिथं थांबायला हवी तिथं थांबली. माणसं वाकून चाकाखालच्या शेंगा बघू लागली.

"थरथरलं तर पाय उचलायचा नाही, हे मी सरांना सांगितलं होतं," तो मुलगा म्हणाला.

किशनराव व्यंकटरावांकडं वळले. "मालक, तुमाला सांगितलं व्हतं?"

व्यंकटरावांनी आठवून पाहिलं. "असंल सांगितलं. मला काय गाडी चालवायची व्हती?"

ते वाईट मनानं बोलले नाहीत, मित्रांनो. खरंच त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी दवाखान्याचा खर्चही दिला. फक्त दुसरा ड्रायव्हर ठेवला, आणि त्यानं गाडी धुताना मला डिक्कीतून काढून रस्त्यावर टाकलं. किशनरावांनी मला उचललं. जाता जाता ते त्या ड्रायव्हरजवळ थांबले.

"बाबा, पेडल थरथरंल. थरथरलं तरी पाय उचलू नको."

"मला येतं सगळं, काका," तो म्हणाला आणि पाण्याचा पाइप चाकावर धरला.

घरी दीक्षा वडिलांशेजारी बसली. ती तेव्हा हिंगोलीला कॉलेजात जायची. म्हणाली, "बाबा, यंत्र खोटं नव्हतं."

"मग मी खोटा व्हतो का?"

तिनं त्यांच्या पायावर हात ठेवला, त्याच उजव्या पायावर.

किशनरावांनी पुन्हा स्टेअरिंग धरलं नाही. पण बाजाराच्या दिवशी ते चालत जाऊन, मिळेल त्या बैलगाडीत बसून स्टँडवर जातात. पूर्वी ज्यांना शिकवलं, त्यांना शोधून सांगतात की जुन्या गाडीचं वेगळं, नव्या गाडीचं वेगळं. नव्या गाडीत पाय उचलू नका. ते ड्रायव्हर आता मोठे झाले आहेत. ते हसून म्हणतात, "आधी तुमीच तर सांगितलं व्हतं, पेडल थरथरलं का ब्रेक मरून राहिला. ते आमच्या पायात बसलं, आता ते कसं काढावं?" आणि किशनराव त्यांच्या पायांकडं बघत राहतात.

आता माझ्या जागेबद्दल. मोडलेली मांडी ओढून धरायची म्हणून दवाखान्यात पायाकडून खाट उंच करतात. जळबाला घरी आणल्यावर मिराबाईला तेच करायला सांगितलं होतं. तिनं दोन विटा आणल्या, त्या खचल्या. तेव्हा किशनरावांनी मला आणलं. खाटेचा एक पाय माझ्यावर आला, दुसरा माझ्यासारख्याच एका नव्या ठोकळ्यावर. हाड जुळायला लागतात तेवढे महिने गेले. ते वाकडं जुळलं. जळबा उठला नाही, आणि मला काढायचं कुणाच्या मनात आलं नाही.

"चाकाखाली बरा व्हतास," तो कधी कधी खाटेवरून खाली बघून मला म्हणतो. "आता आपल्या दोघांनाही जीपवानी उभं करून ठेवलं."

मित्रांनो, नव्या वस्तूला भिऊ नका आणि तिच्यावर आंधळेपणानं विसंबूही नका. ती कशी चालते ते विचारा. आणि तुम्हाला कुणी ते समजावून सांगितलं, तर ते ज्याच्या हाताखाली किंवा पायाखाली ती वस्तू चालणार आहे, त्याला सांगा. त्याला काचेबाहेर उभं करू नका. त्याला आत बोलवा, पुढं बसवा, दोनदा सांगा. यंत्र जपायचं तर ते चालवणारा माणूस आधी जपावा लागतो. मी हे एवढं सांगतो, पण माझं कोण ऐकतं; मी त्या दिवशीही सगळं ऐकून पिशवीत बसलो होतो.

किशनराव रोज संध्याकाळी येतात. जळबाला बिडी पेटवून देतात. निघताना मी जागेवर घट्ट आहे ना, हे बघायला ते उजवा पाय माझ्यावर ठेवतात. पूर्वी ते तीनदा दाबायचे.

आता एकदाच दाबतात, आणि बराच वेळ पाय उचलत नाहीत.